कीर्द आणि खतावणी: कागदी वहीवर नियोजन आणि रोजनिशी कशी सुरू करावी

प्रश्न: मोबाइलमध्ये तीन-चार अ‍ॅप्स आहेत, तरी कामं निसटतात. दर जानेवारीत डायरी घेते आणि फेब्रुवारीत ती बंद पडते. आता साध्या कागदी वहीत रोजचं नियोजन आणि थोडं मनातलं, दोन्ही लिहायला सुरुवात करायची आहे. वही कोणती घ्यावी, त्यात काय लिहावं, रोज जमलं नाही तर काय करावं, आणि घरातल्या कुणी वाचलं तर?

उत्तर:

वही कोणती घ्यायची ते बघूच, पण त्याआधी एक गोष्ट ठरवा. लिहिलेलं परत कधी वाचणार?

लिहायचा कंटाळा येतो म्हणून डायऱ्या बंद पडतात, असं सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. माझी नोकरी पतसंस्थेच्या हिशेब खात्यात झाली आणि गेली बरीच वर्षं मी लोकांना अशी वही सुरू करून द्यायला मदत करते. बंद पडलेल्या वह्या घेऊन अनेक जण येतात. त्या चाळल्या की बहुतेक वेळा हेच दिसतं: लिहिलंय मनापासून, पण मागचं पान उलटून कधी पाहिलेलंच नाही. सोमवारी लिहिलेलं काम बुधवारी डोळ्यांपुढे आलं नाही, ते राहूनच गेलं, आणि मग 'लिहून तरी काय उपयोग झाला' असं वाटायला लागलं. लिहिण्याची गोडी वाचण्यातून लागते. आपणच लिहिलेली ओळ ऐन वेळी उपयोगी पडली की दुसऱ्या दिवशी वही आपोआप हातात येते.

आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी सोडवून ठेवली आहे. त्यांच्याकडे दोन चोपड्या असत, कीर्द आणि खतावणी. दिवसभरात जो व्यवहार होईल तो, ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने, कीर्दीत उतरवायचा. त्या वेळी वर्गवारी करत बसायचं नाही. मग सवडीने कीर्दीतली एकेक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची. आज काय झालं ते कीर्द सांगते, कुणाकडून किती येणं आहे ते खतावणी सांगते. पेशवाईतही रोजकीर्दी लिहिल्या जात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्या आजही आहेत आणि अठराव्या शतकातला रोजचा खर्च कसा होता ते अभ्यासकांना त्यांतून कळतं.

तुमच्या वहीतही ही दोन कामं वेगळी ठेवा. पहिल्यांदा वही करणाऱ्याचा घोळ इथेच होतो, तो लिहितानाच वर्गवारी करायला जातो. कामांचं पान वेगळं, सवयींचा तक्ता वेगळा, मनातलं वेगळं, खर्च वेगळा. मग भाजी निवडताना आठवलेली गोष्ट कुठल्या पानावर लिहायची हे ठरेपर्यंत ती विसरलेली असते. रायडर कॅरोल या अमेरिकन डिझायनरने २०१३ साली 'बुलेट जर्नल' या नावाने जी पद्धत लोकांपुढे ठेवली, तिचा गाभाही असाच आहे. एका वहीत ओळीने टिपत जायचं आणि ठरावीक काळाने उरलेली कामं स्वतःच्या हाताने पुढच्या पानावर उतरवायची. नेटवर त्या नावाने शोधलंत तर रंगीत टेप, फुलांच्या चौकटी, वळणदार शीर्षकं दिसतील. ती एक छान कला आहे आणि ज्यांना तिची आवड आहे त्यांनी जरूर जोपासावी. पण तुमची सुरुवात तिथून नको. एक पान सजवायला तास गेला की दुसऱ्या दिवशी वही उघडायचंच जिवावर येतं.

आता वही. पहिली वही साधी घ्या. मुलांच्या दप्तरासाठी आणलेल्यांतली उरलेली एकेरी रेघांची वहीसुद्धा चालेल. चामडी बांधणीची महागडी वही समोर आली की यात काहीतरी चांगलंच लिहायला हवं असं दडपण येतं, आणि आपल्याला तर 'गॅस संपत आलाय' हेही तिथेच लिहायचं आहे. दोन-तीन महिन्यांनी ती वही भरेल. तोवर आपल्याला किती जागा लागते, आपण वही कुठे कुठे नेतो, हे कळलेलं असेल. दुसरी वही मग पारखून घ्या.

पारखून घेताना आकार पहिला. बहुतेकांना ए-५ सोयीची पडते. ती १४८ बाय २१० मिलिमीटर असते, म्हणजे झेरॉक्सचा ए-४ कागद मधोमध दुमडला की होतो तेवढी. पर्समध्ये मावते आणि मनातलं लिहायला जागाही पुरते. तिच्या निम्मी ए-६ खिशात जाते, पण तिच्यात चार ओळींतच पान भरल्यासारखं वाटतं आणि आपण आखडतं लिहायला लागतो. मग बांधणी बघा. दोऱ्याने शिवलेली वही टेबलावर सपाट उघडी राहते. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही सपाट करायला जोर लावला की मधून उकलते. मधोमध पिना मारलेली शाळेची वही सपाट राहते, फक्त तिचं पान फाडू नका, त्याच्या जोडीचं पान पलीकडून सुटतं. लोकलमध्ये किंवा एसटीत मांडीवर ठेवून लिहिणार असाल तर तारेची स्पायरल वही पूर्ण मागे दुमडता येते. त्यासारखी सोय दुसऱ्या कशात नाही.

कागदाच्या बाबतीत दुकानात 'जीएसएम' हा शब्द ऐकू येईल. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. शाळेच्या वह्यांचा कागद साधारण ५० ते ६०चा असतो, झेरॉक्सचा ७० ते ८०चा. बॉलपेनला यातला कुठलाही चालतो. शाईपेन वापरणार असाल तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका. जपानचा तोमोए रिव्हर हा कागद अवघा ५२ जीएसएमचा, पलीकडचं दिसावं इतका पातळ, पण शाईपेनाची शाई त्यावर फुटत नाही म्हणून तो जगभर नावाजला गेला. कागदाला खळ कशी दिली आहे त्यावर हे ठरतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर वही घ्यायला गेलात तर आपलं नेहमीचं पेन बरोबर न्या, नमुन्याच्या पानावर दोन ओळी लिहून बघा आणि पान उलटून मागे किती उमटलंय ते पाहा.

पेनाबद्दल दोनच गोष्टी. बॉलपेनची शाई तेलकट असल्याने पावसात भिजलेल्या वहीतही अक्षर टिकतं. पुष्कळ जेल पेनांची शाई पाण्याने ओघळते, तेव्हा जूनपासून तरी रोजच्या वहीला बॉलपेनच बरं. दुसरी गोष्ट घासून खोडता येणाऱ्या फ्रिक्शन पेनांची. ती शाई उष्णतेने अदृश्य होते, साठ अंशांच्या आसपास पोचली की अक्षर उडतं. मे महिन्यात नागपूरला किंवा चंद्रपूरला बंद गाडीत डॅशबोर्डवर वही राहिली तर पानंच्या पानं कोरी होऊ शकतात. जे जपून ठेवायचं ते या पेनाने लिहू नका.

बँकेकडून, विमा एजंटकडून किंवा ऑफिसातून मिळालेली तारखांची डायरी घरात असेल तर ती वाया घालवू नका, पण तिच्यावरच्या तारखा सोडून द्या. आपले दिवस सारख्या मापाचे नसतात. एका दिवसाला दोन ओळी पुरतात, तर घरात लग्न असलं किंवा कुणी दवाखान्यात असलं की चार पानं कमी पडतात. छापील डायरी प्रत्येक दिवसाला एकच पान देते आणि कोरी राहिलेली पानं आपल्याकडे रागाने बघत असल्यासारखी वाटतात. त्यामुळे छापील तारखेवर काट मारा, स्वतःची तारीख घाला आणि जिथे लिहिणं संपलं तिथूनच पुढे सुरू करा. मुहूर्ताचंही तसंच. दिवाळीत वहीपूजन करून नवी चोपडी सुरू करण्याची आपली चाल सुंदर आहे, पाडव्यालाही अनेक जण वही धरतात, पण तुमची ओढ आज आहे. आजचीच तारीख घाला.

वहीची मांडणी करायला पंधरा मिनिटं पुरतात. पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा. पानांना आकडे घाला. फक्त उजव्या हाताच्या पानांना घातले तरी भागतं. पुढच्या बाजूने लिहीत जाल ती तुमची कीर्द. आता वही उलटी करा आणि मागच्या बाजूने खतावणी सुरू करा. दोन्ही बाजू जिथे भेटतील तिथे वही संपली.

खतावणीत सुरुवातीला फार खाती उघडू नका. 'पुढचे महिने' या खात्यात पुढे कधीतरी करायच्या गोष्टी लिहा, प्रत्येक महिन्याला पाच-सहा ओळी सोडून. 'ठरावीक कामं' हे दुसरं खातं: विम्याचा हप्ता, घरपट्टी, गाडीची पीयूसी, पाण्याच्या टाकीची सफाई, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपतात. तिसरं 'माणसं'. घरातल्या आणि ऑफिसातल्या ज्या चार-पाच जणांशी सतत काहीतरी बोलायचं असतं, त्यांच्या नावाने अर्धं अर्धं पान. भावाला फोन लागला की काय काय बोलायचं होतं ते तिथे तयार मिळतं. आणि चौथं खातं सध्या चालू असलेल्या एखाद्या मोठ्या कामाचं, मग ते स्वयंपाकघराचं रंगकाम असो की मुलाच्या अकरावीचा प्रवेश. पुढची खाती गरज पडेल तशी उघडतील.

इथे भिंतीवरच्या कॅलेंडरची बाजू घ्यायला हवी. १९७३ साली कालनिर्णय आलं, आणि तेव्हापासून किती मराठी घरांत त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, मोलकरणीच्या रजा लिहिल्या जातात. ती पद्धत तुमच्या घरात चालू असेल तर मोडू नका. ती नोंद साऱ्या घराची आहे, जाता-येता सगळ्यांना दिसते. वहीत ती परत लिहायची गरज नाही. तिथे मावत नाही आणि जे फक्त तुमचं आहे, ते वहीत.

आता रोजचं लिहिणं. दिवस सुरू होताना वार आणि तारीख घाला आणि खाली ओळीने टिपत जा. करायच्या कामापुढे एक ठिपका, नुसती नोंद असेल तर आडवी रेघ. काम झालं की ठिपक्यावर फुली मारा. एवढ्या दोन खुणा पुरेत. पान साधारण असं दिसेल:

मंगळवार, ९ जून
• बँकेत नॉमिनीचा फॉर्म देणे, ११च्या आत
• धाकटीच्या बसची फी
• छत्री दुरुस्तीला
– वहिनींचा फोन. काकांचा एमआरआय गुरुवारी. आवाज दमलेला वाटला.
– साडेचारला पहिला मोठा पाऊस. ऑफिसच्या जिन्यात सगळे थांबलो, साहेबसुद्धा. पहिल्यांदाच मोकळेपणाने गप्पा झाल्या.
• काकांसाठी गुरुवारी डबा. वहिनींना विचारणे.

बघा, काम आणि मन एकाच पानावर आलं. वहिनींचा आवाज दमलेला वाटला म्हणूनच डब्याचं काम सुचलं. नियोजनाची वही वेगळी आणि मनातल्याची वेगळी केली असती तर हा धागा तुटला असता. 'हे काम तीन आठवडे का रेंगाळलं' याचं उत्तर पुष्कळदा आडव्या रेघेच्या ओळीत सापडतं. म्हणून दोन्ही एकाच वहीत ठेवा, असा माझा आग्रह असतो.

काम लिहिताना थोडी काळजी घ्या. 'बाबांचा मोतीबिंदू' हे काम नव्हे, ती काळजी आहे. ती रोज डोळ्यांपुढे येईल आणि रोज पुढे ढकलली जाईल. 'डॉक्टरांकडे फोन करून शस्त्रक्रियेची तारीख विचारणे, सकाळी दहानंतर' हे काम आहे. पुढचं नेमकं पाऊल लिहा, आणि जमेल तिथे वेळ किंवा जागा जोडा: 'दुपारच्या चहानंतर', 'स्टेशनवरून येताना'. दिवसाला मोठी कामं तीनपेक्षा जास्त धरू नका. सुरुवातीचे काही आठवडे समासात एक प्रयोग करून बघा. काम लिहिताना त्याला किती वेळ लागेल असं वाटतं ते लिहा आणि झाल्यावर खरा किती लागला तो त्याच्या शेजारी लिहा. माणसं स्वतःच्या कामाला लागणारा वेळ सहसा कमीच धरतात, ही गोष्ट डॅनिएल काहनमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये मांडली. पण स्वतःच्या अक्षरात '२० मिनिटं' आणि शेजारी 'दीड तास' असं दिसलं की ते जितकं पटतं, तितकं वाचून पटत नाही. पुढची यादी मग आपोआप आखूड होते.

यादी रात्री करावी की सकाळी? जी वेळ तुम्हाला टिकेल ती. मात्र अंथरुणावर पडल्यावर उद्याची कामं डोक्यात फिरत असतील तर रात्री करून बघा. अमेरिकेत बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये ५७ तरुणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांनी जास्त तपशिलाने लिहिलं त्यांना आणखी लवकर. प्रयोग लहान आहे, पण मी पाहिलेल्या अनेक बायकांचा अनुभव याच्याशी जुळतो. कागदावर उतरलेलं काम रात्री परत परत उठवायला येत नाही.

आता सगळ्यात मोलाचा भाग, चढवणं. आठवड्यातून एकदा अर्धा तास काढा. रविवार सकाळ बहुतेकांना बरी पडते, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांची सुट्टी गुरुवारी असते त्यांनी गुरुवार धरावा. चहा घ्या आणि आठवड्याची कीर्द पहिल्या ओळीपासून वाचा. नुसती चाळू नका, वाचा. फुली न पडलेल्या प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून एक निर्णय घ्या. पुढच्या आठवड्यात करायचं असेल तर नव्या पानावर उतरवा. अजून लांब असेल तर खतावणीत योग्य खात्यावर चढवा. आता नकोच असेल तर सरळ रेघ ओढून काटा, आणि काटताना वाईट वाटून घेऊ नका.

चढवताना आमच्या हिशेबातली एक जुनी युक्ती वापरा. कीर्दीत प्रत्येक नोंदीशेजारी 'खा. पा.' नावाचा एक अरुंद रकाना असतो, म्हणजे खाते पान. नोंद खतावणीच्या कुठल्या पानावर चढवली तो आकडा तिथे लिहायचा. रकाना भरलेला म्हणजे नोंद चढली, कोरा म्हणजे राहिली. तुम्हीही नोंद हलवलीत की शेजारी पानाचा आकडा लिहा, आणि नव्या जागीही 'पान २१वरून' असं लिहा. वर्षभराने एखाद्या गोष्टीचा माग काढायचा झाला तर या आकड्यांचा हात धरून कुठूनही कुठे जाता येतं. मोबाइलमधला शोध शब्द सापडवून देतो. या आकड्यांतून ते काम कसकसं सरकलं तेही दिसतं.

एकच काम तिसऱ्यांदा पुढच्या पानावर उतरवायची वेळ आली की पेन खाली ठेवा. हाताने लिहायला लागतंय म्हणून ते लक्षात तरी येतं, अ‍ॅपमध्ये ते गुपचूप उद्यावर सरकत राहिलं असतं. तिसऱ्यांदा आलेलं काम एक तर फार मोठं असतं, ते फोडायला हवं, किंवा ते दुसऱ्या कुणाचं असतं, किंवा ते आपल्याला मनातून करायचंच नसतं. यातलं कुठलं, ते आडव्या रेघेच्या ओळीत चार शब्दांत लिहा. अनेक घरांत कामाची वाटणी या ओळींवरून बदललेली मी पाहिली आहे. 'बँक, बसची फी, डॉक्टर, गॅस, पालकसभा, सगळं माझ्याच वहीत का?' हा प्रश्न एका पानावर मांडून समोर ठेवला की त्यावर बोलणं सोपं जातं.

मनातलं लिहिण्याकडे वळते. 'आज मला कसं वाटलं' या प्रश्नाने सुरुवात केली की बहुतेक जण 'बरं' किंवा 'कंटाळा' लिहून थांबतात. त्यापेक्षा घडलेलं लिहा. कुणी काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत, कुठे उभे होतो, काय खाल्लं, टोमॅटो कसे किलो होते, कुठला वास येत होता. घटना नेमकी लिहिली की भावना तिच्यामागून येते, तिला ओढून आणावं लागत नाही. आणि दहा वर्षांनी वाचताना 'आज फार छान वाटलं' या ओळीतून काही हाती लागत नाही, पण 'आजीने पुरणाचा घाणा संपेपर्यंत कुणाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही' यातून अख्खी आजी समोर उभी राहते.

भाषा जी मनात येईल ती. मराठी-इंग्रजी मिसळलेली असली तरी हरकत नाही. शाळा सुटल्यापासून सही आणि फॉर्म यापलीकडे हाताने न लिहिलेले पुष्कळ लोक म्हणतात की देवनागरी लिहिताना हात दुखतो, जोडाक्षरं अडतात. थोडे दिवस तसं होतं, मग वेग परत येतो. शुद्धलेखनाची तर अजिबात चिंता करू नका, इथे कुणी गुण देणार नाही. पण निदान घरातल्यांचं बोलणं तरी ज्या भाषेत झालं त्याच भाषेत उतरवा. आईचं वाक्य इंग्रजीत लिहिलं की ती त्यातून निघून जाते.

मनावर ओझं असेल तेव्हा लिहिण्याची रीत थोडी वेगळी आहे. टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांचा १९८६मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात मूलभूत मानला जातो. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेबद्दल लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा उदास वाटलं. पण ज्यांनी घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. यातून घेण्यासारखं असं: वेळ बांधून घ्या, तीन-चार दिवस लिहा आणि मग थांबा. तेच दुःख महिनोन् महिने त्याच शब्दांत लिहीत राहिलं तर ते हलकं होण्याऐवजी मुरतं. लिहून झाल्यावर लगेच झोपायला जाऊ नका, थोडं चाला, कुणाशी तरी साधं बोला. आणि घाव अगदी ताजा असेल, झोप-जेवण उडालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्या वेळी वही पुरेशी नाही. घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

खाडे पडतील. पडू द्या. दुकान बंद असलं की त्या दिवशी कीर्दीत नोंद नसते, म्हणून दुकानदार नवी चोपडी आणत नाही. सहा दिवस गेले तर सातव्या दिवशी त्या दिवसाची तारीख घालून पुढे लिहा, मधली पानं सोडू नका आणि राहिलेले दिवस आठवून आठवून भरत बसू नका. फार तर एक ओळ लिहा: 'गेला आठवडा सासूबाईंच्या आजारपणात गेला.' रोज लिहिणं आणि आठवड्याने वाचणं यांतलं एकच जमत असेल तर वाचणं टिकवा. आठवड्यात दोनदाच लिहिलं पण रविवारी वाचलं, अशी वही चालू राहते. वेळ बांधण्यापेक्षा एखाद्या रोजच्या गोष्टीला वही बांधा. सकाळचा चहा, कुकरच्या शिट्ट्या, मुलं झोपल्यानंतरची पाच मिनिटं. आणि वही कपाटात ठेवू नका. डायनिंग टेबलावर, पेन अडकवलेलं, हाताशी.

आता घरातल्यांनी वाचण्याचा प्रश्न. तुमची भीती अवाजवी नाही. आपल्याकडे एकत्र राहणाऱ्या घरांत स्वतःची बंद खोली कितीजणींना असते? वर मी दोन्ही एकाच वहीत ठेवायला सांगितलं, त्याला हा एक अपवाद. जे कुणीही वाचू नये असं वाटतं, त्यासाठी एक पातळ वही वेगळी करा आणि ती ऑफिसच्या कुलुपाच्या खणात ठेवा. मुख्य वहीत फक्त 'दुसरीत लिहिलं' एवढी खूण करा. काही गोष्टी लिहायच्या आणि फाडून टाकायच्या असतील तर सुटे कागद घ्या. लिहिण्याचा हलकेपणा कागद जपला नाही तरी मिळतोच. मोडी शिकलेल्या एक-दोघी मला भेटल्या आहेत, त्या खासगी ओळी मोडीत लिहितात. घरात दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नाही, आणि लिपीचा सरावही राहतो. मला ही कल्पना मनापासून आवडली. पण त्याहून आधी घरात स्पष्ट सांगून बघा, 'ही वही माझी आहे, उघडू नका.' मुलांना हे लवकर समजतं, आणि मग त्यांच्या वहीलाही तोच मान द्यावा लागतो.

मोबाइल सोडायची गरज नाही. कागद वाजत नाही. औषधाच्या वेळा, ट्रेनचं आरक्षण सुरू होण्याची वेळ, सगळ्या घराने मिळून पाहायचं कॅलेंडर, हे फोनवरच ठेवा. पासवर्ड आणि पिन वहीत लिहू नका, ती रिक्षात विसरू शकते. पहिल्या पानावर मात्र फोन नंबर लिहून ठेवा, सापडली तर परत मिळेल. महिन्यातून एकदा खतावणीच्या पानांचे फोटो काढून ठेवलेत की वही हरवली तरी चालू कामं हातात राहतात.

वही भरत आली की शेवटची दहा पानं उरली असतानाच नवी आणा. जुन्या खतावणीतली चालू खातीच फक्त नव्या वहीत उतरवा. हिशेबात शिल्लक पुढे नेतात तसं, सगळा इतिहास न्यायचा नाही. जुन्या वहीच्या कण्यावर पहिली आणि शेवटची तारीख लिहा. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात कागदाला दमट वास येतो आणि बुरशी धरते, तेव्हा वह्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, ओल आतच कोंडते. कपाटात वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवली तर कसर कमी लागते. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये एकदा बाहेर काढून पंख्याखाली उघड्या ठेवा. थेट उन्हात नको, रंगीत शाई उडते.